वायरीतून चढलेलं तेल

आई, परवा माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून मी एचएसआर लेआउटमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, एक कनेक्टर ओढून काढला, आतल्या पिनांवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. बोटाला तेल होतं. तो म्हणाला, "सेन्सर आतून फुटलाय मॅडम. तेल वायरीच्या पोटातून वर चढतं. नेहमीचंच आहे." या दुखण्यावरचा इलाज आता तयार पाकिटात मिळतो. वीतभर वायर, मध्ये तेल अडवणारा एक सांधा. तो पाकीट शोधायला आत गेला आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. एवढं सांगायला त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आपल्या कारखान्यात हेच कुणी मोठ्यानं बोललं नाही, त्यापायी एका बाईची नोकरी गेली, आणि तिला घालवणाऱ्या कागदावर सही तुझी होती.

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण तू असतीस तरी हे पत्र तुला धड वाचता आलं नसतं. आपलं घर पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखातलं, गविपुरमचं. मराठी आपल्या तोंडात होती, पण तुझी शाळा कानडी, त्यामुळे वाण्याची यादीसुद्धा तू कानडीत लिहायचीस. मी देवनागरी शिकले ती शाळेतल्या हिंदीच्या तासाला. तुझ्या हातची मराठीतली एक ओळ माझ्याकडे नाही. तुझं अक्षर म्हटलं की मला ती सहीच दिसते. गोल गोल कानडी अक्षरं आणि खाली सरळ रेघ.

होसूर रोडवरून आत वळल्यावर आनेकलच्या वाटेवर आपला कारखाना होता. सकाळी कंपनीच्या व्हॅनमध्ये तू पुढे बसायचीस, मी मागे. नात्याचा फायदा घेतला असं कुणी म्हणू नये म्हणून तू व्हॅनमध्ये माझ्याशी बोलायचीसुद्धा नाहीस. तिथं गाड्यांची वायरिंग तयार व्हायची. लांब लाकडी फळ्या, फळीवर चिकटवलेला नकाशा, नकाशावर ठोकलेले खिळे, आणि त्या खिळ्यांमधून बायका रंगीत वायरी लावत जातात, टेप गुंडाळतात, टोकांना पितळी टर्मिनलं दाबून ती कनेक्टरमध्ये बसवतात. त्या लाइनची तू लीडर होतीस. पाठमोरी उभी असलीस तरी यंत्राच्या नुसत्या आवाजावरून सांगायचीस की टर्मिनलवर दाब कमी पडतोय. एक वायर चुकली तर अख्खी फळी उलगडायला लावायचीस. डिप्लोमा करून मी त्याच कारखान्यात तपासणीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझ्या लाइनचा वायरींचा एक जुडगा मी नुसता बघून पास केला. तू तो सगळ्यांसमोर परत आणून माझ्या टेबलावर टाकलास. "बघून सही करायची नसते. प्रत्येक वायर हातानं ओढायची, मग करायची." मान खाली घालून मी एकेक वायर ओढली. एक सुटून हातात आली. त्या दिवशी मला लाज वाटली, आणि तुझा अभिमानही वाटला. पुढे नोकरीत मी तुझं ते वाक्य माझ्या हाताखालच्या कितीतरी जणांना ऐकवलं. पण ते तुझं आहे हे कुणालाही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही.

लाइनवर आनेकलची एक बाई होती, वयानं तुझ्याएवढीच. सगळे तिला अक्का म्हणायचे, तूसुद्धा. तिचं टेबल तुझ्या टेबलाला लागून होतं. जेवायच्या सुट्टीत तिच्या डब्यातलं मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, तू घ्यायचीस आणि तुझी भाकरी तिला द्यायचीस. डिसेंबरात ती शेतावरच्या अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा पिशवी भरून आणायची आणि तुम्ही दोघी जेवण झाल्यावर पायऱ्यांवर बसून त्या सोलायचात. तिच्या भाषेत तू बोलायचीस, तुझ्या मराठीतले चार शब्द ती उचलायची. तुझी एवढी जवळची दुसरी मैत्रीण मी पाहिली नाही. तिचे केस कमरेच्या खाली यायचे. रोज खोबरेल लावून चापून घातलेली वेणी आणि वेणीत कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. कार्ब्युरेटरच्या गाड्या मागे पडून इंजिनावर कंप्युटर बसवलेल्या गाड्या निघायला लागल्या होत्या. पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा डबा, आणि इंजिनाकडच्या सगळ्या वायरी शेवटी त्याच्याच कनेक्टरमध्ये येऊन बसायच्या. अशाच एका नव्या गाडीची वायरिंग आपण करत होतो. गाड्या रस्त्यावर येऊन सहा-सात महिने झाले आणि एकेक डबा परत यायला लागला. गाडी मध्येच बंद पडते, पुन्हा सुरू होते, दिवे भलतंच काही दाखवतात. डबा उघडला की आत तेल. कनेक्टर तेलात भिजलेला. डब्याच्या आसपास तेलाची नळी नाही, तेलाचा थेंब पडेल अशी जागा नाही, बाहेरून सगळं कोरडं. गाडीवाल्या कंपनीची माणसं आली. काचेच्या खोलीत मीटिंग झाली. ते गेल्यावर मॅनेजर लाइनवर आला, बायकांच्या रांगेकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला की तेल इंजिनातून येत नसेल तर ते डोक्यांवरून येतंय.

दुसऱ्या दिवसापासून नियम निघाले. केसांना तेल लावून यायचं नाही. जेवणाच्या डब्यात लोणचं आणायचं नाही. कामाला बसण्याआधी साबणानं हात धुवायचे आणि सुपरवायझरला दाखवायचे. शाळेतल्या मुलींसारख्या तळहात पुढे करून उभ्या राहिलेल्या त्या बायका मला अजून दिसतात. कुणाचे केस विस्कटलेले, कुणी रुमाल बांधलेला. रांगेत सगळ्यात पुढे तू उभी, तुझेही तळहात पुढे. तरी तेलानं भिजलेले ते कंप्युटरचे डबे येतच राहिले. येणारच होते, कारण ते जुन्याच गाड्यांचे होते. पण मॅनेजरला तेवढा धीर नव्हता. परत आलेल्या प्रत्येक जुडग्याच्या चिठ्ठीवर अक्काच्या टेबलाचा नंबर होता. तो असणारच, कारण तो कनेक्टर दुसरं कुणी भरतच नव्हतं. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

मला त्या तेलाचा वास पटेना. तपासणीला आलेल्या एका डब्यातलं तेल मी सिरिंजनं ओढून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि घरी आणलं. थंडीचे दिवस होते. सकाळी उठले तर खिडकीतली आपली खोबरेलाची बाटली नेहमीसारखी पांढरी गोठलेली, आणि तिच्या शेजारची ही छोटी बाटली तिरकी केली की आतलं तेल सरळ वाहतंय, तपकिरी. तू तेव्हा चहा गाळत होतीस. मी दोन्ही बाटल्या तुझ्यासमोर धरल्या. तू बघितलंस आणि म्हणालीस, "मग कुठलं?" त्या प्रश्नात उत्सुकता होती, आई. हे मी मुद्दाम लिहितेय. त्या सकाळी तुलाही जाणून घ्यायचं होतं.

मग मी परत आलेला एक अख्खा जुडगा मागून घेतला आणि टेप उलगडून त्यातल्या वायरी एकेक करून कापल्या. एकोणतीस वायरी कोरड्या. एकच, हिरवी-काळी, कापल्यावर टोकाला तेलाचा थेंब आला. बाहेरचं प्लास्टिक स्वच्छ आणि आतली तांब्याची तार ओली. हातांचं किंवा केसांचं तेल असतं तर ते बाहेरून लागलं असतं, आणि सगळ्यांना लागलं असतं. ती वायर कुठं जाते ते नकाशावर बघितलं. थेट इंजिनाच्या अंगात पिळून बसवलेल्या, तेलाचा दाब सांगणाऱ्या स्विचकडे. सुट्टीच्या दिवशी मी शहरातल्या वर्कशॉपमध्ये जाऊन तसला एक जुना स्विच मागून आणला आणि करवतीनं कापला. आतला पातळ पडदा चिरलेला होता. दाबाखालचं तेल त्या चिरेतून वायरीच्या बारीक तारांमध्ये शिरत होतं आणि समईच्या वातीतून चढावं तसं आतल्या आत चढत डब्यापर्यंत पोचत होतं. स्विच आपण करत नव्हतो. तो गाडीवाल्या कंपनीनंच निवडलेला होता.

तरी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कोपऱ्यावरच्या स्कूटर गॅरेजमधून थोडं इंजिन ऑइल आणलं, तुझ्या चटणीच्या वाटीत ओतलं आणि वायरीचा वीतभर तुकडा वाटीत उभा करून वरचं टोक फडताळाच्या खिळ्याला बांधलं. वाटी घेतली म्हणून तू रागावलीस, पण काढली नाहीस. भाजी चिरताना तू अधूनमधून त्या वायरीकडे बघायचीस. किती दिवस गेले आठवत नाही. एका दुपारी मी आले तर तू ओट्याला टेकून उभी होतीस, आणि वायरीच्या वरच्या टोकाला तेल चकाकत होतं. तू बोट लावलंस, दोन बोटांत ते चोळून बघितलंस. मला वाटलं, आता तू हसशील. उद्या आपण दोघी ही वाटी घेऊन मॅनेजरच्या खोलीत जाऊ. तू फडक्यानं वायरीचं टोक पुसलंस आणि म्हणालीस, "हे कुणाला दाखवू नकोस."

मी का म्हणून विचारलं. तू खाली बसलीस आणि मला समजावून सांगितलंस, अगदी शांतपणे. मॅनेजरनं तुला आदल्या दिवशी बोलावलं होतं. गाडीवाल्यांना कुणीतरी दोषी हवा होता. त्यांच्या स्विचला आपण नावं ठेवली तर ते वायरिंगचं काम दुसरीकडे देतील, आणि मग लाइनच बंद. एक बाई गेली तर चाळीस राहतात. तुला फक्त एवढं लिहून द्यायचं होतं की ती तेलकट हातांनी काम करते हे तू पाहिलंय आणि तिला दोनदा बजावलंय. मी म्हटलं, तू पाहिलं नाहीस. तू म्हणालीस, "तुझं नोकरीत कायम होण्याचं पत्र त्याच टेबलावर पडलंय. त्यानं ते मला दाखवलं." मी म्हटलं, मला असलं पत्र नको. तू उठलीस. वाटीतलं तेल मोरीत ओतलंस, वाटी राखेनं घासलीस, पुन्हा घासलीस, आणि शेवटी बाहेर नेऊन टाकून दिलीस.

एका सोमवारी तू सही केलीस. अक्काला बोलावलं तेव्हा मी तपासणीच्या टेबलावर होते. काचेतून आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मॅनेजर कागद वाचून दाखवत होता, तू त्याच्या शेजारी उभी होतीस, आणि अक्का कागदाकडे न बघता तुझ्याकडे बघत होती. बाहेर आली, स्वतःच्या टेबलावरची कात्री, टेपचं रीळ, चिमटा, सगळं सारखं लावून ठेवलं, जेवणाचा डबा उचलला आणि गेली. तू तिच्या मागे दारापर्यंतही गेली नाहीस. दुपारी तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसवलीस आणि तो कनेक्टर कसा भरायचा ते तिला तूच शिकवलंस. त्या आठवड्यात माझं पत्र आलं. तू देवापुढे ठेवलंस. मला पेढा दिलास तो मी खाल्ला.

चारेक महिन्यांनी गाडीवाल्यांकडून नवा नकाशा आला. स्विचचा नंबर बदललेला होता आणि त्या हिरव्या-काळ्या वायरीच्या मध्ये एक बंद सांधा घालायला सांगितला होता. कारण कुणी लिहिलं नव्हतं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. पुढे डबे यायचे थांबले. मॅनेजर लाइनवर येऊन सगळ्यांना म्हणाला की बघा, ती गेली आणि तेल बंद झालं. मी तुझ्याकडे बघितलं. तू तो नवा नकाशा फळीवर चिकटवत होतीस, कोपरे अंगठ्यानं दाबून, एकही सुरकुती राहू न देता. आता तरी तू बोलशील, निदान घरी माझ्याजवळ, असं मला वाटलं होतं. बरीच वर्षं वाटत राहिलं. तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझे पाय चेपत बसायचे तेव्हासुद्धा. तू भाज्यांचे भाव बोललीस, शेजाऱ्यांची भांडणं बोललीस, माझ्या लग्नाचं बोललीस. त्या सोमवारचं नाव काढलं नाहीस.

मी आनेकलला गेले होते, हे तुला माहीत आहे. त्या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती. मी नोकरी बदलली होती आणि कारखान्याशी माझा संबंध उरला नव्हता. बसमधून उतरून विचारत विचारत गेले तर ती देवळाबाहेर फुलं विकत बसली होती. मी आधी ओळखलंच नाही. कोरडे, पिंजारलेले केस मागे गाठ मारून बांधलेले, आणि समोर एवढी फुलं असून डोक्यात एक नाही. तिनं मात्र मला लगेच ओळखलं. बसायला पोतं सरकवलं आणि तुझी चौकशी केली. तुझे गुडघे दुखतात का, अजून व्हॅननंच जातेस का. गजरा करता करता मध्येच ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याच केसांमुळे झालं ना ते? मी तेव्हापासून तेल लावणं सोडलं."

दोन वर्षं, आई. नोकरी गेल्याचं तिला तेवढं नव्हतं. आपल्यामुळे लोकांच्या गाड्या बंद पडल्या, आपल्यामुळे तुला खाली बघावं लागलं, असं ती धरून बसली होती. तू लिहून दिलंस म्हणजे ते खरंच असणार, कारण तू न बघता सही करत नाहीस हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी तिला सांगितलं की ते तेल इंजिनाचं होतं, वायरीच्या आतून चढत होतं, तिच्या हातांचा त्यात काही संबंध नव्हता. तिला आधी कळेना. पुन्हा नीट सांगितलं. तिचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "तुझ्या आईला हे कधी कळलं?"

"नंतर," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. निघताना तिनं मला गजरा दिला, तुझ्यासाठी. घरी येऊन मी तो तुझ्या हातात ठेवला आणि कुणी दिला ते सांगितलं. ती अजून डोक्याला तेल लावत नाही, हेही सांगितलं. तू तांदूळ निवडत होतीस. गजरा बाजूला ठेवलास, ताट उचललंस आणि उजेड कमी आहे म्हणून खिडकीशी जाऊन बसलीस.

हे सगळं मी इतकी वर्षं तुझ्याच नावावर मांडत आले. तू गेलीस तेव्हा मला रडू आलं नाही ते याचमुळे, असं मी स्वतःला सांगितलं. तू मला विचारलं नव्हतंस आणि माझ्या नावावर एका बाईचं आयुष्य खर्च केलंस, हा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही, जावा असंही वाटत नाही. पण परवा त्या वर्कशॉपमध्ये बसल्या बसल्या एक गोष्ट समोर आलीच. "नंतर" हा शब्द मी तुझ्यासाठी उच्चारला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर अक्कानं मला पुढे विचारलं असतं, "आणि तुला कधी कळलं?" कापलेला स्विच माझ्याकडे होता. वायरीचे तुकडे माझ्या टेबलाच्या खणात होते. मॅनेजरची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती, आणि त्या सोमवारपर्यंत माझ्याकडे बरेच दिवस होते. मी गेले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इथवर लिहिता आलं. आई नको म्हणाली, म्हणून मी गप्प राहिले, असं मी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, आणि त्यांनी मानलंही. पण त्याच वर्षी मैसूरचं स्थळ मोडू नकोस म्हणालीस, मी मोडलं. संध्याकाळचा कंप्युटरचा क्लास नको म्हणालीस, मी नाव घातलं. गाडी शिकू नकोस म्हणालीस, तर शेजारच्यांची मोटार मागून घेऊन शिकले. त्या अख्ख्या वर्षात तुझं मी एवढं एकच ऐकलं.